‘हिला पाहिजे तेव्हा बरोबर ऐकू येतं!’

(आरोग्य आणि समुपदेशन केंद्रांवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात एका श्रवणतज्ज्ञ मैत्रिणीने केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



आज मी तुमच्यासमोर एकच कागद ठेवणार आहे. कानाची तपासणी झाल्यावर हातात देतात तो आलेख, म्हणजे ऑडिओग्राम. तुमच्या केंद्रावर येणाऱ्या बायकांच्या पिशवीत तो पुष्कळदा असतो. सोनोग्राफीचा कागद, रक्ताचे रिपोर्ट, रेशनकार्डाची झेरॉक्स आणि त्यातच घडी पडून मळलेला हा एक. ‘यात काय लिहिलंय?’ असं विचारलं तर बाई सांगते, ‘नस सुकली म्हणाले.’ कोण म्हणाले, कशावरून म्हणाले, याचा तिला पत्ता नसतो. आपण बायकांना सातबारा वाचायला शिकवतो, एफ.आय.आर.ची प्रत मागून घ्यायला शिकवतो. हा कागद तर तिच्या स्वतःच्या शरीराचा आहे, आणि तो वाचायला डॉक्टर असावं लागत नाही. उपचार ठरवायला डॉक्टर लागतो. पण कागद पुरा आहे की अर्धा, हे तुम्हीआम्हीही ओळखू शकतो. आणि माझा अनुभव असा, की अर्ध्या कागदावर बायकांचं आयुष्य ठरून जातं.

आधी आलेख फळ्यावर काढते. वरच्या कडेला आडवे आकडे आहेत : २५०, ५००, १०००, २०००, ४०००, ८०००. हे हर्ट्झ, म्हणजे आवाजाची पट्टी. पेटीवर जसं डावीकडे खर्ज आणि उजवीकडे वरचे सूर, तसंच. उभ्या बाजूला डेसिबल, म्हणजे आवाज किती मोठा. हे आकडे वरून खाली वाढत जातात, त्यामुळे आलेख उलटा वाटतो. खूण जितकी खाली, तितका आवाज मोठा करावा लागला तेव्हा कुठे बाईला ऐकू आला. लाल गोल उजव्या कानाचा, निळी फुली डाव्या कानाची. शून्य म्हणजे अजिबात आवाज नाही, असं मात्र समजू नका. निरोगी कानाच्या तरुण माणसांना सरासरीने जेमतेम ऐकू येतो तो आवाज म्हणजे शून्य. एखादीला उणे पाचलाही ऐकू येतं.

‘नॉर्मल’ हा शब्द माणसांनी ठरवलेला आहे, हेही सांगून ठेवते. पूर्वी २५ डेसिबलपर्यंत नॉर्मल धरत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या अहवालात ही रेघ २० वर आणली. पुष्कळ ठिकाणी अजून जुनीच रेघ वापरतात. म्हणून शेरा वाचण्यापेक्षा खुणा वाचा.

आता मुख्य गोष्ट. एका कानासाठी आलेखावर दोन रेषा असायला हव्यात. का, ते समजायला कानात थोडं डोकावू. आवाज पडद्यावर आदळतो. पडद्यामागे तीन इवलीशी हाडं एकमेकांत अडकवलेली आहेत. त्यांना हातोडा, ऐरण आणि रिकीब अशी नावं आहेत. ती हलतात, आणि रिकीब आतल्या शंखाच्या खिडकीत आतबाहेर होते. इथपर्यंतचं काम नुसतं हमालीचं, आवाज वाहून न्यायचं. शंखात पाणी आहे, केसाळ पेशी आहेत, तिथून नस मेंदूकडे जाते. ऐकण्याचं खरं काम तिथे होतं.

हेडफोन लावून आवाज दिला की तो हा सगळा रस्ता चालतो. कानामागच्या हाडावर थरथरणारी एक लहानशी डबी ठेवली, की मधला रस्ता गाळून आवाज थेट शंखात पोचतो. हेडफोनने आणि डबीने दोन्हींनी सारखंच कमी ऐकू आलं, तर दोष आत आहे. डबीने चांगलं आणि हेडफोनने कमी, तर आतलं सगळं शाबूत आहे, अडथळा वाटेत आहे. या दोन रेषांमध्ये जे अंतर पडतं त्याला आम्ही ‘गॅप’ म्हणतो. मळ, पडद्याला भोक, वाहणारा कान, पडद्यामागे साठलेलं पाणी, अडकलेली हाडं, या सगळ्यांत गॅप दिसतो. वाढत्या वयाने, कर्कश आवाजाने किंवा काही औषधांनी ऐकणं गेलं, तर गॅप नसतो.

आता एका बाईचा आलेख काढते. एकीचा म्हणून नाही, अशा कितीतरी माझ्या खोलीत येऊन गेल्या. वय पंचविशी-तिशी, एखादं मूल झालेलं. उजव्या कानाला हेडफोनने ५०० वर ५५, १००० वर ५०, २००० वर ४५, ४००० वर ४५. सरासरी जवळजवळ ४९. आपण तीन फुटांवरून नेहमीच्या आवाजात बोललो तर ते तिच्यापर्यंत धड पोचणार नाही. डावा कानही थोड्याफार फरकाने तसाच. कागदावर एवढंच असेल, तर या बाईला काय झालंय ते कुणालाही सांगता येणार नाही. मला नाही, मोठ्या डॉक्टरलाही नाही. पण कागदावर एवढंच असतं, आणि खाली लिहिलेलं असतं, ‘नसेचा बहिरेपणा, मशीन लावा.’ मशीन विकण्याच्या दुकानात फुकट तपासणी करतात, तिथे तर डबी पुष्कळदा बाहेर काढतच नाहीत.

डबी लावली की आकडे येतात १०, १५, २५, १५. म्हणजे नस ठणठणीत. दुर्बिणीतून पाहिलं तर पडदाही स्वच्छ, कान कधी वाहिलेला नाही. मग अडलंय कुठे? रिकिबीशी. तिच्या बुडाशी नवं हाड वाढतं आणि ती खिडकीत घट्ट रुतून बसते. या आजाराला ओटोस्क्लेरोसिस म्हणतात. व्हिएन्नाच्या अॅडम पॉलित्झर यांनी १८९३ मध्ये तो नीट ओळखून मांडला. दवाखान्यात येणाऱ्यांत पुरुषांपेक्षा बायका साधारण दुपटीने असतात, आणि सुरुवात बहुधा विशी ते चाळिशीत होते. ऐन संसाराची वर्षं. डबीच्या रेषेत २००० वर जी लहानशी घळ दिसते आहे ना, २५ ची, ती या आजाराची खूण. अमेरिकेतले रेमंड कारहार्ट यांच्या नावाने ती ओळखली जाते. गंमत म्हणजे ही घळ नसेची नाहीच. रिकीब अडकल्यामुळे हाडातून जाणारा आवाजही तेवढ्यापुरता कमी पडतो. ऑपरेशनने रिकिबीचं काम सुरू झालं की घळ बहुतेक भरून निघते.

आता या आजाराची जी लक्षणं पुस्तकात दिली आहेत, ती मी तुम्हाला सासरच्या भाषेत सांगते.

पहिलं लक्षण : या बाईला गोंगाटात बरं ऐकू येतं. पिठाच्या गिरणीत, एस.टी.त, लग्नाच्या मांडवात ती नीट बोलते, उत्तरं देते. घरी शांत स्वयंपाकघरात मात्र सासूने हाक मारली की ओ देत नाही. कारण अगदी साधं आहे. गोंगाटात बाकीची सगळी माणसं ओरडून बोलतात, आणि त्यांना त्रास देणारा गोंगाट हिच्यापर्यंत कमी पोचतो. पण घरातले काय म्हणतात? ‘बाहेर बरं ऐकू येतं! आम्ही बोललो की कान बंद. हिला पाहिजे तेव्हा बरोबर ऐकू येतं.’ हे वाक्य तुमच्यापैकी किती जणींनी समुपदेशनात ऐकलंय? हात वर करा. बघा.

इंग्लंडमधले थॉमस विलिस म्हणून एक डॉक्टर होते. त्यांनी १६७२ च्या ग्रंथात अशा एका बाईची हकिगत नोंदवली आहे. खोलीत ढोल वाजत असेल तरच तिला बोलणं ऐकू येई. म्हणून तिच्या नवऱ्याने ढोल वाजवणारा माणूसच नोकरीला ठेवला, बायकोशी बोलता यावं म्हणून! आमच्या शास्त्रात या लक्षणाला अजून विलिस यांचंच नाव आहे. मला मात्र नेहमी त्या नवऱ्याची आठवण येते. साडेतीनशे वर्षांपूर्वी त्या गृहस्थाला बायको सोंग करते असं वाटलं नाही, आणि तिच्याशी दोन शब्द बोलावेत असंही वाटलं.

दुसरं लक्षण : ही बाई हळू बोलते. स्वतःचा आवाज तिला हाडातून मोठा ऐकू येतो, म्हणून ती तो खाली ठेवते. नसेचा दोष असलेली बाई बहुधा मोठ्याने बोलते, तिला लोक ‘भांडकुदळ’ म्हणतात आणि निदान कान तपासायला तरी पाठवतात. ही खालच्या आवाजात बोलते, तर कौतुक होतं, ‘सून कशी शांत आहे.’ आजाराचं लक्षणच सुनेचा गुण ठरला, की तपासणीला कोण नेणार?

तिसरं : चावताना स्वतःच्याच तोंडातला आवाज मोठा होतो, म्हणून पंगतीत जेवताना हिला दुसऱ्याचं बोलणं उमगत नाही. ‘जेवायला बसली की कुणाशी बोलत नाही,’ हीही तक्रार मी ऐकली आहे.

म्हणून माझं सांगणं असं, की ‘ऐकत नाही’ अशी तक्रार असलेली प्रत्येक बाई एकदा तरी पुऱ्या तपासणीला पाठवा. आजाराचा संशय घेण्यासाठी मशीनही लागत नाही. ५१२ हर्ट्झचा एक चिमटा मिळतो, शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा, त्याला ट्यूनिंग फोर्क म्हणतात. वाजवून आधी कानामागच्या हाडावर टेकवायचा, मग कानासमोर धरायचा. निरोगी माणसाला कानासमोर मोठा ऐकू येतो. जिला हाडावर मोठा वाटतो, तिच्या वाटेत अडथळा असण्याचा संभव मोठा. १८५५ मध्ये रिन यांनी ही तपासणी सांगितली. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ती व्हायला काहीच हरकत नाही, चिमटा टेबलाच्या खणातून बाहेर काढायचा एवढंच.

मात्र गॅप दिसला म्हणून लगेच हुरळून जाऊ नका. हाडावर ठेवलेली डबी सगळं डोकंच हलवते. डाव्या बाजूला ठेवली तरी उजव्या कानाला ऐकू येतं. समजा डाव्या कानाची नस पार गेलेली आहे आणि उजवा कान चांगला आहे. डावीकडे डबी ठेवली की उजवा कान ऐकतो, बाई बटण दाबते, आणि कागदावर डाव्या कानात खोटा गॅप उमटतो. एखादीला त्यावर नको ते ऑपरेशन सांगतील. हे टाळायला चांगल्या कानात फुसफुस असा आवाज सोडून त्याला गुंतवून ठेवतात, त्याला मास्किंग म्हणतात. कागदावर ते ओळखायची खूण सोपी आहे. डबीची नुसती रेषा बाणाच्या टोकासारख्या कोनाने दाखवतात, मास्किंग करून घेतलेली चौकटी कंसाने. ऑपरेशन सांगितलंय आणि कागदावर एकही चौकटी कंस नाही, तर विचारा, ‘मास्किंग केलं होतं का?’ चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही.

त्याबरोबर पडद्यावरच्या दाबाची तपासणी असते, टिंपॅनोमेट्री. तीत पडद्यामागे पाणी नाही ना हे कळतं, आणि मोठ्या आवाजाला कानातला बारीक स्नायू आखडतो की नाही तेही कळतं. रिकीब रुतली असेल तर ते आखडणं उमटत नाही. तो कागदही मागून घ्या.

तपासणी होते कशी, याबद्दल थोडं बोलते, कारण हे कुठे लिहिलेलं नसतं. बाई घाईघाईत येते. डोक्यावर पदर, कानात कुड्या, वेलांवर वेल, मागे अंबाडा. त्यावरूनच हेडफोन चढवतात. तो नीट बसत नाही, आणि डबीच्या खाली केस आले तर तीही नीट थरथरत नाही. दागिने काढायला सांगा, पदर खाली घ्यायला सांगा, पुरुष तंत्रज्ञासमोर तिला संकोच वाटत असेल तर बरोबर बाई जाऊ द्या. सासू किंवा नवरा आत नको. ते खुणा करतात, ‘दाब की’ म्हणून रागावतात. आणखी एक. अगदी बारीक आवाज आला तरी बटण दाबायचं असतं. आपल्या बायका खात्री झाल्याशिवाय बटण दाबत नाहीत. चुकलं तर हसतील, ही भीती शाळेपासूनची. मग प्रत्येक सूर दहा-दहा डेसिबल खाली उतरतो. मी प्रत्येकीला सांगते, ‘नुसती शंका आली तरी दाबा, इथे चूक होत नाही.’ तेवढ्यानेही आलेख बदललेला मी पाहिला आहे.

शब्द म्हणून दाखवायचीही एक तपासणी असते. शब्दांची यादी प्रमाण मराठीतली. अहिराणी बोलणाऱ्या किंवा पावरी बोलणाऱ्या बाईला ती यादी दिली आणि गुण कमी पडले, तर तो तिच्या नसेचा दोष नव्हे. शब्द तिच्या ओळखीचे होते का, हे विचारायलाच हवं.

बरं, निदान झालं. पुढे काय? आपल्या या बाईला दोन वाटा आहेत. मशीन तिला उत्तम चालतं, कारण नस चांगली आहे. दुसरी वाट ऑपरेशनची : रुतलेल्या रिकिबीऐवजी बारीक कृत्रिम दांडी बसवतात. जॉन शे यांनी मे १९५६ मध्ये अमेरिकेत टेफ्लॉनची रिकीब पहिल्यांदा बसवली तीही एका चौपन्न वर्षांच्या गृहिणीलाच. सरावलेल्या हातांत दहातल्या नऊजणींना चांगला फायदा होतो. पण शंभरात एखादीचा तो कान पूर्ण जातो, आणि हे तिला आधी सांगितलं पाहिजे. तिच्या नवऱ्याला नव्हे, तिला. काही दिवस चक्कर येते. पडद्याखालून चवीची एक नस जाते, ती दुखावली तर जिभेच्या त्या बाजूची चव काही काळ बिघडते. स्वयंपाकावर पोट असणाऱ्या बाईसाठी ही लहान गोष्ट नाही. एका वेळी एकच कान करतात, आणि जो जास्त कमी ऐकतो तो आधी. दोन्हींपैकी काय करायचं, की काहीच न करता ओठांकडे पाहून बोलणं समजून घ्यायचं, हा निर्णय तिचा. कमी ऐकणारी बाई म्हणजे कमी प्रतीची बाई असं मला मुळीच सुचवायचं नाही. मी एवढंच म्हणते, की उपाय असताना ‘नस सुकली’ म्हणून तिला घरी धाडू नये.

बाळंतपणाबद्दल तुम्ही विचारणार हे माहीत आहे. ‘बाळंत झाले आणि कान गेले,’ असं पुष्कळजणी सांगतात. जुन्या पुस्तकांत अशा बायकांनी मूलच होऊ देऊ नये असा सल्ला सापडतो. पुढच्या अभ्यासांत काहींना संबंध दिसला, काहींना दिसला नाही. मुलं झालेल्या आणि न झालेल्या बायकांच्या ऐकण्यात फरक न सापडल्याचेही अहवाल आहेत. तेव्हा या कारणावरून कुणी मूल नाकारू नये आणि कुणी लादूही नये. आजार घराण्यात चालतो हे खरं, पण बीज असलेल्या सगळ्यांना तो होत नाही. ‘माहेरचा खोट लपवली’ म्हणून बाईला परत पाठवण्याला यात काही आधार नाही.

दुसरे दोन आलेख भराभर दाखवते. हा एका यंत्रमाग शेडमध्ये कांड्या भरणाऱ्या बाईचा असू शकेल : ५०० ला १५, १००० ला १५, २००० ला २०, आणि ४००० वर एकदम ६०. पुढे ८००० ला पुन्हा थोडं वर. ही खोल घळ गोंगाटाची. हाडावरूनही तीच येते, म्हणजे गॅप नाही. काही ठिकाणी पहिल्या तीन सुरांचीच सरासरी काढतात. ती सतरा भरते आणि शेरा येतो ‘नॉर्मल’. चौथा सूर धरला तर साडेसत्तावीस. या बाईला आवाज येतो पण स, श, थ, फ सुटतात, म्हणून ती म्हणते, ‘ऐकू येतं, पण कळत नाही.’ तिचं म्हणणं आलेखाशी तंतोतंत जुळतं. गोंगाटाने येणारं बहिरेपण १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या परिशिष्टात नोंद करण्याच्या आजारांत होतं, आणि २०२० च्या संहितेतही आहे. लहान शेडमधल्या बायका मात्र कुठल्याच नोंदीत नसतात. कामाला लागतानाचा एक आलेख काढून ठेवला असेल तरच पुढे काही सिद्ध करता येतं.

तिसरा आलेख याच्या उलट : डावीकडे खर्जात खाली, उजवीकडे वर चढत गेलेला, एकाच कानात. बाईला घरघर फिरल्यासारखी चक्कर येते, ओकाऱ्या होतात, कानात गुं-गुं होतं, काही तासांनी सगळं थांबतं. पॅरिसच्या मेनिएर यांनी १८६१ मध्ये अशी चक्कर कानातून येते हे दाखवलं. तोवर ती डोक्याचा आजार समजत. आपल्याकडे अजून ती अशक्तपणा, टेन्शन, नाहीतर अंगात येणं समजतात, आणि बाई वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या खाते. यात ऐकणं कमीजास्त होत राहतं, म्हणून चांगल्या दिवशी काढलेला एकच आलेख पुरत नाही. आणि कूस बदलताना काही सेकंद गरगरतं त्या चक्करेत आलेख अगदी चांगला येतो. ती कानातले बारीक खडे सरकल्याने येते, बायकांत जास्त दिसते, आणि डोकं ठरावीक पद्धतीने वळवून बहुधा बरी होते. तेव्हा ‘ऑडिओग्राम नॉर्मल’ म्हणजे ‘बाई खोटं बोलते’ असा अर्थ कधीच काढू नका.

आता कायद्याचं. २०१६ च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यात दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल असेल तर ‘ऐकण्यास कठीण’ आणि ७० पासून पुढे ‘बहिरे’ धरतात. आपली ४९ वाली त्यात बसत नाही. एक कान पूर्ण गेला आणि दुसरा चांगला, तीही नाही. सवलतीचा दाखला मिळणार नाही हे आधीच सांगा, म्हणजे तिच्या खेपा वाचतील. पण दाखल्याला न चालणारा हाच कागद दुसरीकडे चालतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात अपमान, हेटाळणी, टोपणनावं ठेवणं हे शाब्दिक आणि मानसिक छळात मोडतं. ‘बहिरी’, ‘ढोंगी’ म्हणून होणारा छळ तक्रारीत मांडायचा असेल, तर पूर्ण तपासणीचा आलेख सोबत जोडा. आणि नवऱ्याला, सासूला समोर बसवून ढोलवाल्याची गोष्ट सांगून पाहा. पुष्कळ घरांत दुष्टपणापेक्षा न कळणं जास्त असतं. सगळ्या घरांत नव्हे.

शेवटी एक किरकोळ वाटणारी सूचना. उद्या तुम्ही आपापल्या केंद्रांवरचे कागद घेऊन येणार आहात. मूळ प्रत आणा. झेरॉक्समध्ये लाल आणि निळं दोन्ही काळं होतं, कंस पुसट होतात आणि तारीख बहुतेक कापली जाते. मूळ प्रत दवाखान्याने ठेवून घेतली असेल तर अर्ज करून नक्कल मागा, आणि अर्जावर बाईचीच सही किंवा अंगठा घ्या.